नमुने किती, हे टक्क्यांवरून ठरत नाही

माननीय संपादक,
स. न.

जनावरांच्या रोगांचे सर्वेक्षण झाल्याची बातमी आली की त्यात एक वाक्य बहुतेक वेळा असते: ‘एकूण जनावरांपैकी दहा टक्के जनावरे तपासली.’ वाचणाऱ्याला हायसे वाटते. अहवालांत, प्रबंधांत, योजनांच्या आराखड्यांतही नमुन्यांचा हिशेब असाच टक्क्यांत केला जातो. ही सवय मोडायला हवी, म्हणून हे पत्र.

शंभर जनावरांच्या कळपात पाच बाधित आहेत असे धरा. दहा टक्क्यांच्या नियमाने दहा जनावरांचे रक्त घेतले, तर त्या पाचांपैकी एकही हाती न लागण्याची शक्यता ५८ टक्के आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा रोगी कळप कागदावर निरोगी ठरणार. निदान एक तरी बाधित जनावर नमुन्यात यावे अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ४५ जनावरे तपासावी लागतात. वीसच्या कळपात एकच बाधित असेल तर १९, म्हणजे जवळजवळ सगळीच. आता मोठे कळप पाहा. हजार जनावरांत पाच टक्के बाधित असतील तर तीच खात्री ५७ नमुन्यांत मिळते आणि दहा हजारांत ५९ मध्ये. दहा टक्क्यांचा नियम तिथे शंभर आणि हजार नमुने मागतो. लहान कळपात तो फसवतो, मोठ्या कळपात नळ्या, किट आणि माणसांचे दिवस वाया घालवतो.

असे का होते? पाच टक्के बाधित असताना एका नमुन्यात निरोगी जनावर येण्याची शक्यता ०.९५ असते. ०.९५ हा आकडा ५९ वेळा गुणत गेले की उत्तर ०.०५ च्या खाली उतरते. या गुणाकारात कळप किती मोठा आहे हे कुठेच येत नाही. कळप लहान असेल तेव्हाच फरक पडतो, कारण तपासलेले निरोगी जनावर बाजूला झाले की उरलेल्यांत बाधितांचा वाटा वाढत जातो. लहान कळपासाठी कॅनन आणि रो या पशुरोग सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनी १९८२ मध्ये दिलेले सूत्र हातानेही सोडवता येते. पाच बाधित धरले असतील तर ०.०५ चे पाचवे मूळ काढा, ते १ मधून वजा करा: ०.४५०७. बाधितांच्या संख्येतून एक वजा करून त्याचे अर्धे करा, म्हणजे २, ते शंभरातून वजा करा: ९८. दोन्हींचा गुणाकार ४४.२. अपूर्णांक नेहमी वरच्या बाजूला न्यायचा, म्हणून ४५.

हे सगळे ‘रोग आहे की नाही’ या प्रश्नाचे गणित झाले. ‘रोग किती आहे’ हा प्रश्न वेगळा आणि त्याचे सूत्रही वेगळे. घोटाळा बहुधा इथेच होतो. रोगाचे प्रमाण मोजायचे असेल तर अपेक्षित प्रमाण किती आणि उत्तरात किती चूक चालेल, हे आधी सांगावे लागते. प्रबंधांत मंत्रासारखा येणारा ३८४ हा आकडा प्रमाण ५० टक्के, चूक अधिक-उणे ५ टक्के आणि खात्री ९५ टक्के धरल्यावर निघतो (नेमके उत्तर ३८४.१६, म्हणून खरे तर ३८५). दोनशे जनावरांचीच वस्ती असेल तर तो दुरुस्त होऊन १३२ वर येतो. पण रोग दोन टक्केच असेल तर अधिक-उणे पाचला अर्थ नाही, कारण उत्तर उणे तीन ते सात टक्के असे निघेल. तिथे चूक एक टक्का धरावी लागते आणि नमुने ७५३ होतात. दोन वर्षांची तुलना करून ‘रोग घटला’ म्हणायचे असेल तर आणखी वेगळा हिशेब. प्रमाण २० वरून १० टक्क्यांवर आले हे ८० टक्के भरवशाने पकडायला प्रत्येक वेळी सुमारे २०० जनावरे पुरतात. २० वरून १५ वर आले हे पकडायला ९०० हून अधिक लागतात.

याहून मोठी चूक म्हणजे सगळे नमुने चार-दोन कळपांतून उरकणे. एका गोठ्यातली जनावरे एकच पाणी पितात, एकाच गव्हाणीत तोंड घालतात. एकाला संसर्ग झाला की शेजारच्यालाही होण्याचा संभव वाढतो. म्हणून एकाच कळपातले विसावे जनावर पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. हे साम्य एका गुणांकाने मोजतात आणि तो रोगागणिक बदलतो. तो ०.२ धरला आणि प्रत्येक कळपातून २० जनावरे घेतली, तर नमुने ४.८ पट करावे लागतात (विसातून एक वजा, गुणिले ०.२, अधिक १). ३८५ ऐवजी १,८४८, म्हणजे ९३ कळप. प्रत्येक कळपातून पाचच घेतली तर पट १.८ वर येते. मग ६९३ जनावरे पुरतात, पण कळप १३९ लागतात. रक्त तपासणे महाग असेल तर दुसरा मार्ग धरावा, प्रवास महाग असेल तर पहिला. तेच ३८५ नमुने एकाच कळपातून काढले, तर त्यांची किंमत सुट्या निवडलेल्या पाच जनावरांइतकीच उरते. तो अहवाल सबंध प्रदेशाबद्दल काहीही सांगू शकत नाही, जनावरांचा आकडा कितीही भारदस्त दिसो.

प्रदेश रोगमुक्त आहे असे म्हणायचे असेल तर हिशेब दोन पायऱ्यांचा होतो. एक टक्का कळप बाधित असले तरी त्यांतला एक तरी ९५ टक्के खात्रीने सापडावा, यासाठी २९९ कळप लागतात. पण प्रत्येक कळपातली तपासणी बाधित कळप हमखास पकडेल, हे त्यात गृहीत आहे. ती ९५ टक्के वेळा पकडत असेल तर ३१४ कळप लागतात. वरच्या उदाहरणातली दहा टक्क्यांची तपासणी शंभराचा बाधित कळप ४२ टक्के वेळाच पकडते. तिच्यासाठी सातशेहून अधिक कळप फिरावे लागतील. बुळकांडी हा गुरांचा विषाणुजन्य रोग जगातून गेल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले, त्याआधी देशोदेशी विषाणू उरला नसल्याचा पुरावा अशाच सर्वेक्षणांनी उभा करावा लागला होता.

चाचणीही बिनचूक नसते. पाच टक्के जनावरे बाधित असलेल्या मोठ्या कळपात शंभरातील साठच बाधित पकडणारी चाचणी वापरली, तर ५९ नमुने पुरत नाहीत, ९९ लागतात. जोन्स रोगात (जनावरांच्या आतड्यांचा दीर्घकाळ चालणारा रोग) एलायझा या रक्तचाचणीची संवेदनशीलता, म्हणजे बाधित जनावर पकडण्याची क्षमता, कमी असल्याने हा मुद्दा टाळताच येत नाही. खोट्या होकाराचा, म्हणजे निरोगी जनावर बाधित दाखवण्याचा, त्रास उलट बाजूचा. संवेदनशीलता ९० आणि विशिष्टता (निरोगी जनावर निरोगीच दाखवण्याची क्षमता) ९५ टक्के असताना दहा टक्के जनावरे होकारार्थी आली, तर खरे प्रमाण सहा टक्क्यांच्या जरा खालीच असते. दहातून पाच वजा करायचे आणि ०.८५ ने (०.९० अधिक ०.९५ उणे १) भागायचे, एवढीच ती दुरुस्ती, पण ती क्वचितच छापलेली दिसते. लसीकरणाची नोंदही त्या नमुन्यासोबत हवी. लाळ्या-खुरकुताची लस टोचलेल्या जनावरात संसर्ग ओळखायचा तर विषाणूच्या अरचनात्मक प्रथिनांविरुद्धची (विषाणू शरीरात वाढतानाच तयार होणाऱ्या प्रथिनांविरुद्धची) प्रतिद्रव्ये, म्हणजे अँटीबॉडी, शोधणारी चाचणी लागते, साध्या चाचणीत लस आणि रोग एकसारखेच दिसतात. लहान वासरांत चिकातून आलेली आईची प्रतिद्रव्ये असतात, म्हणून वयाची खालची मर्यादा आधीच ठरवावी.

आणि निवड. दाव्याला बांधलेले, गरीब स्वभावाचे, रस्त्यालगतचे जनावर आधी धरले जाते. अशा निवडीतली चूक नमुने दुप्पट केल्याने जात नाही. हजारांतून ५७ घ्यायची तर १ ते १७ पैकी एका आकड्याची चिठ्ठी काढावी आणि फाटकातून बाहेर पडताना तिथून पुढे दर सतरावे जनावर धरावे. ५७ भरले म्हणून थांबू मात्र नये. लंगडी, अशक्त जनावरे शेवटी येतात आणि नेमकी तीच निसटतात. या रीतीने ५८ किंवा ५९ होतील, ते सगळे ठेवावेत.

शेवटी नळी. रक्त सावलीत तिरके ठेवून गुठळी बसू द्यावी लागते. नळी गाडीत हिंदकळली किंवा सुईतून रक्त जोराने ढकलले की पेशी फुटतात, पिवळसर रक्तजल लाल होते आणि तो नमुना बाद ठरू शकतो. ओल्या हाताने चिठ्ठीवरचा क्रमांक पुसला गेला तरी तेच. दहा टक्के नमुने असे जातील असा अंदाज असेल तर ३८५ ला ०.९ ने भागावे, म्हणजे ४२८. दहा टक्के वाढवून ४२४ घेतले तर हिशेब कमी पडतो.

‘दहा टक्के जनावरे तपासली, रोग आढळला नाही’ असे छापण्याऐवजी आपण पुढीलसारखे छापावे, ही विनंती: ‘३१४ कळप चिठ्ठ्यांनी निवडले. रोग असल्यास कळपातली किमान पाच टक्के जनावरे बाधित असतील असे धरून प्रत्येक कळपाच्या आकारानुसार ९५ टक्के खात्री देणारे नमुने घेतले. चाचणीची संवेदनशीलता हिशेबात धरली. एकही बाधित जनावर आढळले नाही. त्यामुळे एक टक्का किंवा अधिक कळप बाधित असते तर त्यांतला निदान एक ९५ टक्के खात्रीने सापडला असता.’ वाक्ये लांब होतात हे खरे, पण जागा करावी.

आपले,
पशुरोग सर्वेक्षणाचे अभ्यासक