खान्देशात बर्फ पडत नाही, म्हणून कुलंट नको?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकला की हायवेच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या केलेल्या गाड्या दिसू लागतात. त्यांतल्या कित्येकींच्या रेडिएटरमध्ये नुसतं बोअरचं पाणी असतं, कुलंट (पाणी गोठू नये आणि लवकर उकळू नये म्हणून त्यात मिसळायचं द्रव्य) नसतं. ‘कुलंट थंड मुलखासाठी, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ हा समज इंजिनाच्या मुळावर उठला आहे.

साधं पाणी १०० अंशांना उकळतं. कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर १०६-१०७ पर्यंत टिकतं, आणि रेडिएटरच्या झाकणाने ०.९ बारचा दाब धरला तर १२५ च्या आसपास. म्हणून झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर बाकी सगळं नवं असूनही चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पाणी उकळून बाहेर येतं. शिवाय बोअरच्या पाण्यात क्षार असतात. हंड्याच्या तळाला पांढरं धरतं तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) बसतं, गंजही चढतो, मग उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही.

फ्लशिंग, म्हणजे जुनं पाणी काढून रेडिएटर-इंजिन आतून धुणं, फेब्रुवारीतच उरका. इंजिन पूर्ण गार हवं, गरम असताना झाकण उघडलं तर उकळती वाफ तोंडावर येते. रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) सोडून पाणी काढा, होज जोडून स्वच्छ पाणी भरा, हीटर फुल्ल गरमवर ठेवा आणि वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवा. म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला. गार होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी नितळ येईपर्यंत हेच, शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची. ॲसिड मात्र घालू नका, ॲल्युमिनियमचं हेड आणि रेडिएटर ते खातं.

भरताना एक चूक हमखास होते. समजा, गाडीची क्षमता ६ लिटर, पण रिकामं होतं ४ लिटरच. बाकीचं पाणी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये अडकून राहतं. वरून तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. अशा वेळी आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कुलंट), मग डिस्टिल्ड पाणी. रंग पाहून कुलंट घेऊ नका, गाडीच्या पुस्तिकेतला प्रकारच घ्या. दोन जातींचं एकत्र झालं तर गाळ धरू शकतो. पुढची चाकं चढावर घेऊन, ब्लीड स्क्रू असल्यास तो सैल करून हवा काढा. हवा अडकली तर काटा नॉर्मल दाखवत असतानाही हेड तापतं.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. कित्येक इंजिनांत तो नसला तर बायपास उघडा राहतो, पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. अडकला असेल तर नवा बसवा.

पाणी कुठेच गळत नाही, तरी टाकीतली पातळी उतरते आहे? ऑइलचं झाकण उघडून पाहा. आत दुधी साय दिसली तर बहुधा हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं आहे, तिथे फ्लशिंगचा उपयोग नाही.

आणि काढलेलं कुलंट नालीत ओतू नका. चवीला गोड असतं, गुरं-कुत्री चाटतात, आणि ते विष आहे. कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून गॅरेजवाल्याकडे द्या.

आपला,
एक मोटार मेकॅनिक, भुसावळ