काका, हातचं राखून न ठेवता शिकवलंत, थँक्यू

काका, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. शिरोली एमआयडीसीत मिलिंगवर, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापायच्या मशीनवर, लागलो तेव्हा आयटीआयचं सगळं तोंडपाठ होतं, पण समोर जॉब (कापायचा तुकडा) आल्यावर ट्रेमधला नेमका कुठला कटर उचलायचा हे तुम्ही शिकवलंत.

तुम्ही आधी जॉब हातात द्यायचात. मटेरियल बघ, खाच किती खोल आहे बघ, मग कटरकडे जा. अल्युमिनियमला दोन नाहीतर तीन फ्लूटचा (फ्लूट म्हणजे कटरच्या दातांमधली पन्हळ), कारण त्याची चिप, म्हणजे कापलेला कीस, चिकट, तिला बाहेर पडायला जागा पाहिजे, स्टीलला चार फ्लूट चालतो. बीडाचं (कास्ट आयर्नचं) कास्टिंग असेल तर कूलंट बंद आणि पहिला कट वरच्या कडक थराच्या खालून, वरवर घासत बसलं की धार गेलीच. आणि कटर जमेल तेवढा आखूड बांधायचा, बाहेरची लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच लोडला तो आठपट वाकतो, हे तुम्ही खडूने पत्र्यावर लिहून दाखवलेलं मला अजून आठवतं. 10 एमएमचा एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) कटर, माइल्ड स्टील, मिनिटाला 25 मीटर कटिंग स्पीड, म्हणजे आरपीएम साधारण 800, हे पण तिथेच.

कटर बदलताना तर तुमची घाई कधीच नसायची, सुपरवायझर डोक्यावर उभा असला तरी. टेबलवर लाकडाची फळी, कटर चिंधीत धरलेला, ड्रॉ बोल्ट (होल्डर वर ओढून धरणारा) दोनेक आटे सैल करून पितळी हातोडीचा टकोरा, मग होल्डरचा टेपर आणि स्पिंडलचं, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याचं, तोंड कोरडं पुसायचं. कोलेट (कटर घट्ट पकडणारी चिरा असलेली बाही) आधी नटमध्ये खट्कन बसवायचा, मग होल्डरमध्ये. आत बारीकशी चिप जरी अडकली तरी कटर डगमगतो आणि सगळा लोड एकाच दातावर येतो, म्हणून तुम्ही डायल (डगमग मोजायचं घड्याळ) लावून दाखवायचात.

आता मी व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) आहे, एम06 ही कमांड दिली की मशीन स्वतःच टूल बदलतं, पण होल्डरमध्ये काय बांधायचं आणि किती बाहेर ठेवायचं ते माणसानेच ठरवायचं, तिथे रोज तुमचंच शिकवणं कामाला येतं. बरेच जण असलं स्वतःपाशी ठेवतात, तुम्ही ठेवलं नाही. मनापासून आभार काका. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा, गाडी घेऊन येतो.