कॉक्लियर इम्प्लांटच्या चिठ्ठीसोबत एक कागद द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी नात जन्मतः कर्णबधिर. ती दोन वर्षांची असताना एका रुग्णालयात तिच्या केसपेपरवर ‘कॉक्लियर इम्प्लांटसाठी पाठवले’ एवढी एक ओळ लिहून मिळाली. कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे ऐकण्यासाठीचे यंत्र: त्याचा एक भाग ऑपरेशन करून कानाच्या आत बसवतात, दुसरा बाहेरून लावतात. पुढे काय, हे कोणी सांगितले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवूनही मी त्या ओळीचा अर्थ ‘ऑपरेशन झाले की पोरगी ऐकेल आणि बोलेल’ असाच लावला होता. म्हणून हे पत्र.

चिठ्ठीनंतर आधी तपासण्या असतात. बेरा तपासणीला, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघण्याला, मूल गाढ झोपलेले लागते. आम्ही तिला रात्री उशिरापर्यंत जागवले, पहाटे उठवले आणि ती मेडिकल चौकापर्यंत ऑटोतच झोपून घेऊन दारात टक्क जागी झाली. तारीख पुढे गेली. सीटी स्कॅनमध्ये कानातले हाड दिसते आणि एमआरआयमध्ये ऐकण्याची नस आहे की नाही ते कळते, हे मला फार उशिरा समजले. काही महिने साधे श्रवणयंत्र लावून बघायला सांगितले, तेव्हा जावई चिडले, ‘उगाच वेळ काढतात’ म्हणाले. पण यंत्राने भागते का, हे बघितल्याशिवाय ऑपरेशन ठरवत नाहीत. मेंदूज्वराचा धोका असतो म्हणून न्यूमोकोकसची लसही आधीच घ्यावी लागते.

पाच वर्षांखालच्या जन्मतः कर्णबधिर मुलांना इम्प्लांटसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मदत मिळते. उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र यांची धावपळ चिठ्ठी मिळाली त्याच आठवड्यात सुरू करावी. आमचे चार महिने त्यातच गेले, आणि या वयात चार महिने फार मोठे.

ऑपरेशनच्या दिवशी काहीच ऐकू येत नाही. जखम भरल्यावर, आमच्याकडे तीन आठवड्यांनी, बाहेरचे यंत्र लावून ते सुरू करतात. त्या दिवशी घरी पाहुणे जमले होते. ती घाबरून रडली आणि यंत्र ओढून काढू लागली. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘पैसे पाण्यात गेले.’ ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट ताईंनी सांगितले, ‘आजी, ऐकण्याच्या बाबतीत ती आज एका दिवसाची आहे.’ हे वाक्य मला आधी कोणी सांगितले असते तर ती रात्र आम्ही रडून काढली नसती.

मग मॅपिंगच्या फेऱ्या, म्हणजे यंत्राचा आवाज तिच्या कानाला जुळवून घेणे. आणि रोजची थेरपी. मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात कूलर दिवसभर घरघरतो, त्या आवाजात तिला शब्द सुटा ऐकू येत नव्हता. म्हणून रोज अर्धा तास कूलर बंद करून आम्ही घाम गाळत बसायचो, तिने ओठ बघून ओळखू नये म्हणून मी ओठ हाताने झाकून ‘बॉल दे’ म्हणायचे. एके दुपारी बटण बंद केले तशी ती खेळणे सोडून मान वर करून कूलरकडे बघू लागली. आवाज थांबलेला तिला कळला होता! यंत्र लावून तेव्हा अकरा आठवडे झाले होते. आज ती चार वर्षांची आहे, मला ‘आदी’ म्हणते.

घामाने यंत्र बिघडते, रात्री ते कोरड्या डबीत ठेवावे लागते. केबल आम्ही दोनदा बदलली, बॅटरीही आमच्याच खिशातून.

थेरपीला गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीहून एक आई येते. पहाटेची एसटी, पंचेचाळीस मिनिटांची थेरपी, परत एसटी. आता दर आठवड्याला यायला परवडत नाही म्हणते. इम्प्लांट मिळाला आणि थेरपी सुटली तर त्या मुलाला आवाज येतील, भाषा येणार नाही. गडचिरोली, चंद्रपूरच्या मुलांना थेरपिस्ट त्यांच्याच जिल्ह्यात मिळाला पाहिजे.

आणि जे डॉक्टर ती एक ओळ लिहितात त्यांना कळकळीची विनंती आहे: वर लिहिले एवढे मराठीत एका पानावर छापून त्या केसपेपरला टाचून द्या.

– एक आजी, महाल, नागपूर