काउंटरवरच्या ताईंना, जाहीर आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

फिजिओथेरपीचं क्लिनिक हाताच्या कसबावर चालतं, असं कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. कसब लागतंच. पण पेशंट दारातून आत येतो, वेळेवर येतो आणि दुखणं अर्धं कमी झाल्यावरही येत राहतो, ही तिन्ही कामं काउंटरवर होतात. हे पत्र जाहीर लिहितोय त्याला कारण आहे. नवीन क्लिनिक काढणारी मुलं मशिनच्या कोटेशनवर महिनाभर डोकं घालतात आणि काउंटरवर कोण बसणार हे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ठरवतात.

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘एका सिटिंगचे किती घेता?’ तुम्ही आकडा सांगून टाकता, ‘आधी या तर खरं’ म्हणत नाही. मग लगेच विचारता की काय दुखतंय, कधीपासून, ऑपरेशन झालंय का, शुगर आहे का, पेसमेकर बसवलाय का, जिना चढता येतो का. एक्स-रे, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड आणायला सांगता. गुडघ्याचं दुखणं असेल तर सैल पायजमा घालून या, हेही सांगता. जीन्स घालून आलेल्या माणसाचा गुडघा तपासता येत नाही, आणि पहिल्या भेटीतली दहा मिनिटं त्यातच जातात.

फोनशेजारी चिकटवलेला धोक्याच्या लक्षणांचा तो कागद तुम्ही नुसता चिकटवून ठेवलेला नाही, याचे आभार सगळ्यात आधी मानायला हवेत. पाठदुखीवाल्याने लघवी अडकते, नकळत होते किंवा बसायच्या जागेवर बधिर वाटतं म्हटलं, तर त्याला उद्या सकाळची वेळ द्यायची नाही. मणक्याच्या खालच्या नसांचा गुच्छ दाबला गेल्याची ती खूण असू शकते, अशा माणसाने त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायला हवं. ऑपरेशननंतर एका पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते म्हणाला, तर शेक नाही, मालिश नाही. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी तुम्ही आत चालू असलेली सिटिंग थांबवून फोन आमच्या हातात देता. द्यायलाच हवा.

अपॉइंटमेंटची वही कशी लावायची हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही. पहिल्या भेटीला पाऊण तास, पुढच्या सिटिंगना साधारण तेवढाच, पण त्यातला शेक आणि करंटचा (मशिनने दिलेल्या सौम्य विजेचा) वेळ पेशंट पडून असतो. म्हणून दोन पेशंट वीस-वीस मिनिटांच्या अंतराने घेता येतात, एकाला शेक लागला की दुसऱ्याचा व्यायाम. हे गणित पाठदुखी-मानदुखीला चालतं. पक्षाघाताचा पेशंट आणि नुकताच गुडघा बदललेला पेशंट एकाच वेळी आले की कोलमडतं, कारण दोघांनाही पूर्ण वेळ दोन्ही हात लागतात. तुम्ही पक्षाघातवाल्यांना अकराच्या पुढे घेता, ऑफिसवाल्यांची गर्दी ओसरल्यावर. आणि कुणी पंधरा मिनिटं उशिरा आलं तर शेक कापता, व्यायाम नाही. पेशंट कुरकुरतात, कारण शेकाचं सुख लगेच कळतं. पण गुडघा वाकतो तो व्यायामाने, आणि या बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा कडक आहात.

शेकाचं काम दिसायला सोपं आणि करायला सगळ्यात जोखमीचं. टाकीतलं पाणी ७० ते ७५ अंश सेल्सिअस, शेकाचे पॅक त्यात पूर्ण बुडालेले, आणि एकदा वापरलेला पॅक परत तापायला किमान २० ते ३० मिनिटं. घाईत तोच कोमट पॅक दुसऱ्याला लावला की ‘आज शेक बसलाच नाही’ ही तक्रार येते. पॅक आणि कातडी यांच्यात कोरड्या टॉवेलचे सहा ते आठ थर लागतात. पहिल्या दोन मिनिटांत पेशंट हमखास म्हणतो, ‘काहीच लागत नाही, एक टॉवेल काढा.’ काढला की फोड आलाच म्हणून समजा, कारण उष्णता थरांतून झिरपायला चार-पाच मिनिटं लागतात आणि मग ती वाढत जाते. तुम्ही टॉवेल काढत नाही. पाच मिनिटांनी पॅक उचलून कातडी बघता, गुलाबी असेल तर ठेवता, लालभडक किंवा ठिपकेदार दिसली तर उतरवता. शुगरवाल्यांची संवेदना आम्ही गरम-गार पाण्याच्या नळ्यांनी तपासल्याशिवाय त्यांना पॅक लावतच नाही. पाठीखाली पॅक ठेवून त्यावर झोपायचा हट्ट धरणाऱ्यांनाही पालथं करता. अंगाच्या वजनाने टॉवेल दबतात, पाणी पिळून बाहेर येतं आणि चटका बसतो.

पावसाळ्यात टॉवेल वाळत नाहीत हे वेगळंच दुखणं. दमट टॉवेल उष्णता जास्त नेतो, म्हणून थर तेवढेच असूनही भाजतं. जूनच्या आधी टॉवेलचा जादा संच घ्यायला लावलात, तो खर्च वसूल झाला.

आणि लाईट जाते तेव्हाचं तुमचं ते फिरणं! बटणाच्या जुन्या मशिनवर करंटची मात्रा होती तिथेच राहते, लाईट आली की पेशंटला एकदम झटका बसतो. लाईट गेल्या गेल्या तुम्ही केबिनमागून केबिन जाता, प्रत्येक बटण शून्यावर आणता, ‘काही नाही काकू, लाईट गेलीय’ म्हणत. नवी मशिनं स्वतःच शून्यावर येतात, तरी तुम्ही बघताच.

आता पैशाचं. क्लिनिक बुडतं ते बहुधा नवे पेशंट कमी पडल्याने नाही, तर तिसऱ्या-चौथ्या सिटिंगनंतर गळणाऱ्यांमुळे. दुखणं निम्मं झालं की माणूस थांबतो, स्नायू मात्र तितकेच कमजोर असतात, मग दोन महिन्यांनी तेच दुखणं परत आणि ‘फिजिओने काही फरक पडला नाही’ असं गावभर. गैरहजर माणसाला तुम्ही ‘का आला नाहीत?’ असं विचारत नाही. कार्ड समोर घेऊन सांगता, ‘गुडघ्याचं वाकणं ७० अंशांवरून ९० वर आलंय. खुर्चीतून हात न टेकता उठायला साधारण १०० लागतील.’ चालायला ६५-७० अंश पुरतात, जिन्याला ९० च्या आसपास. हा हिशोब पेशंटला कळला की तो येतो. दहा सिटिंगचं पॅकेज पहिल्याच दिवशी गळ्यात न मारता आधी पाच घ्या म्हणता आणि न वापरलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळतात हे आधीच सांगता. त्या परत दिलेल्या पैशांनी आमचं नुकसान झालेलं नाही.

पावत्यांबद्दल थोडक्यात: प्रत्येक सिटिंगची तारीख, फिजिओथेरपी परिषदेचा आमचा नोंदणी क्रमांक, सोबत सर्जनच्या चिठ्ठीची प्रत. ऑपरेशननंतरच्या ठरावीक मुदतीतला फिजिओचा खर्च अनेक मेडिक्लेम पॉलिसी देतात, पण एकच ठोक पावती असेल तर दावा अडकतो. उपचारांच्या फीवर जीएसटी नाही. कमरेचा पट्टा, नी-कॅप हा विकलेला माल, त्याचं बिल तुम्ही वेगळं फाडता ते बरोबरच.

सर्जनकडे पेशंटची पुढची तारीख कधी आहे हे तुम्ही वहीत लाल शाईने लिहिता आणि आदल्या दिवशी आमच्यासमोर कोरा कागद ठेवता. चार ओळी पुरतात: किती वाकतो, किती सरळ होतो, सूज किती, काय अडतंय. पेशंट पाठवण्यासाठी कट द्यावाच लागतो म्हणणाऱ्यांनी वर्षभर ही चार ओळींची चिठ्ठी पाठवून बघावी. आपले बहुतेक सर्जन त्या चिठ्ठीमुळे टिकलेत आणि ती वेळेवर जाते ती तुमच्यामुळे.

पावती फाडता फाडता ‘काल व्यायाम किती वेळा केलात? करून दाखवा बरं’ हे विचारणं कृपा करून सोडू नका. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबून पाच आकडे मोजायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आम्हाला सगळे ‘हो, केला’ म्हणतात. तुमच्यासमोर खोटं बोलता येत नाही त्यांना.

पुढच्या महिन्यापासून दुपारी एक ते चार क्लिनिकचा फोन आमच्याकडे राहील, तुम्ही घरी जाऊन जेवून या. फोनशेजारचा कागद मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून द्या तेवढा, आमच्यातल्या दोघांना चष्मा लागलाय.

कळावे,
आतल्या केबिनमधले आम्ही सगळे