तुझ्या प्रश्नाचं उत्तर

गिरगाव, मुंबई
रविवार, दुपार

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या व्हॉइस नोट्स तुझ्या कामात वापरू का, असं विचारलंस. फोनवर नुसतं "बघू" म्हणाले, कारण बाबा समोरच बसले होते.

तू लॅपटॉपवर दाखवलेली मोना हातूम या कलाकार बाईची ती पंधरा मिनिटांची फिल्म, 'मेझर्स ऑफ डिस्टन्स', डोळ्यांसमोरून जात नाही. आईचे न्हाणीघरातले फोटो आणि त्यांच्यावर तिच्याच पत्रांतल्या अरबी ओळी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांसारख्या. लेक, म्हणजे मोनाच, ती पत्रं इंग्रजीत वाचते, मागे दोघी अरबीत खिदळत असतात. शब्द एक कळला नाही, हसणं मात्र कळलं. दार लावून घेतल्यावर बायका हसतात तसलं. घर मूळचं पॅलेस्टाइनमधलं, हैफाचं. तिथून उठून लेबनॉनला आलेलं. पोरगी १९७५ साली थोड्या दिवसांसाठी लंडनला गेली, मागे यादवी पेटली आणि ती तिकडेच अडकली.

तू फोटोंबद्दल बोलत होतीस. मला लागलं ते शेवटचं पत्र. जवळचं पोस्ट ऑफिस बॉम्बने उडवलंय, असं आई लिहिते. उभा जन्म टपालात काढलेल्या बाईला दुसरं काय लागणार!

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा मी काउंटरला होते. तिकडचं टपाल बंद. एक बाई एरोग्राम, म्हणजे परदेशी धाडायचं घडीचं पत्र, घेऊन आली, नवरा कुवेतला ड्रायव्हर. जाणार नाही म्हटलं तरी हलेना. "तुमच्यापाशी ठेवा, सुरू झालं की आधी माझं घाला." नियमात बसत नव्हतं, तरी ठेवलं, खणात शिक्क्यांच्या डब्याखाली. पुढे एअर इंडियाने जॉर्डनमधल्या अम्मानहून लाखाच्या वर माणसं आणली, त्यांत तोही आला. दोघं पत्र परत न्यायला आली. त्याने तिथेच उघडलं, उभ्याउभ्या वाचलं आणि तिला विचारलं, "मग लावलास का गॅसला नंबर?"

माझ्या नोट्समध्येही असलंच आहे. पाणी गेलं, कोथिंबीर महागली, वरच्यांचं बाळ रात्रभर रडतं. वापर. खोकला, कुकरची शिट्टी काही कापू नकोस. पण त्याला 'ताटातूट' असलं नाव देऊ नकोस हं. तू आपखुशीने गेलीस, आणि मनात आलं की फोन लावतेस. त्या माउलीला तेवढंही नव्हतं.

फिल्ममधली आई लेकीला बजावते, बाबांना काही सांगू नकोस. मी सांगणार आहे. बुधवारी त्यांच्या शुगरचा रिपोर्ट येतोय. चांगला आला, तर त्याच दिवशी.

तुझी,
आई