नवे रॉक ऐकायचे तर श्रेयनामावली वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘हल्ली रॉकमध्ये नवे काही होतच नाही’ असा सूर आपल्या पुरवणीत आणि वाचकांच्या पत्रांत अधूनमधून लागतो. होते, आणि भरपूर होते. पण फोनमधल्या अ‍ॅपने आपण होऊन ऐकवावे म्हणून वाट पाहत बसले, तर मोठ्या कंपनीशिवाय चालणाऱ्या स्वतंत्र बँडचे, त्यातही पंकचे (म्हणजे वेगवान, रांगड्या रॉकचे), गाणे कानावर पडणे अवघड.

स्पॉटिफायसारख्या सेवांची शिफारस बरीचशी इतर श्रोत्यांच्या सवयींवर चालते. तुमची आवडती गाणी ज्यांच्या यादीत आहेत, त्यांच्या यादीतली बाकीची गाणी तुमच्याकडे सरकवली जातात. गेल्या आठवड्यात आलेले, जेमतेम चाळीस जणांनी ऐकलेले गाणे कुणाच्या यादीतच नसते; ते सरकणार कुठून? त्यात २०२४पासून मागच्या बारा महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय पैसे देत नाही, आणि तीस सेकंद ऐकल्याशिवाय गाणे ‘वाजले’ असे धरतही नाही. पंकच्या घराण्यात हा नियम हास्यास्पद ठरतो. नेपाम डेथ या ब्रिटिश बँडच्या १९८७च्या पहिल्या अल्बममध्ये जेमतेम सव्वा सेकंदाचे एक गाणे आहे. ते दिवसभर वाजवत ठेवले तरी हिशेबात शून्यच.

यावरचा उपाय जुना आहे: आवडलेले एक गाणे धरायचे आणि त्याची श्रेयनामावली, म्हणजे ते कोणी, कुठे केले याची यादी, वाचायची. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने जानेवारी १९७७मध्ये पाचशे पौंड उसने घेऊन चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली, पहिल्या खेपेला हजार प्रती. कोणते गाणे कितव्या टेकमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या कितव्या प्रयत्नात, जमले, हेही तिच्या वेष्टनावर छापले होते. आज असा तपशील बँडकॅम्पवर, म्हणजे बँड आपले संगीत थेट विकतात त्या संकेतस्थळावर, अल्बमच्या पानावर गाण्यांच्या यादीखाली मिळतो, फक्त पान खाली सरकवायचे कष्ट घ्यावे लागतात. तिथून चार गोष्टी टिपाव्यात: लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) कोणते, ध्वनिमुद्रण कुठे झाले, मिक्सिंग-मास्टरिंग (आवाजांची जुळणी आणि शेवटचा हात) कोणी केले आणि पाहुणा वादक मूळ कोणत्या बँडचा. शोधासाठी गायकाचे नाव सर्वांत कमी उपयोगाचे. थोडक्या पैशांत ड्रमचा आवाज नीट पकडून देणारे स्टुडिओ एकेका शहरात मोजकेच असतात आणि तिथले बरेच बँड फिरून फिरून त्यांच्याकडेच जातात. मास्टरिंग करणाऱ्याचे नाव डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या सूचीच्या संकेतस्थळावर टाकले की त्याच्या हातून गेलेल्या रेकॉर्ड वर्षवार समोर येतात. लेबलचेही तसेच. १९८०मध्ये सुरू झालेल्या वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड या लेबलने आपल्याच शहराचे संगीत काढायचे हे धोरण ठेवले. त्या एका लेबलच्या मागे गेले की तिथल्या चार पिढ्यांचे पंक ऐकून होते. मोठ्या कंपनीच्या शिक्क्यावरून यातले काहीच कळत नाही.

श्रेयनामावलीचा आता आणखी एक उपयोग आहे. २०२५च्या उन्हाळ्यात ‘द व्हेल्वेट सनडाउन’ नावाच्या ‘बँड’ला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांवर श्रोते मिळाले, आणि नंतर कळले की तो सगळा कृत्रिम बुद्धिमत्तेचा खेळ होता. ध्वनिमुद्रण कुठे झाले ते नाही, एकाही कार्यक्रमाची तारीख नाही आणि महिन्याभरात दोन अल्बम, असे दिसले की सावध व्हावे.

नावांचा घोळही नेहमीचा. पंक बँडची नावे छोटी आणि रागीट, त्यामुळे एकाच नावाचे बँड तीन खंडांत निघतात आणि अ‍ॅपवर त्यांची गाणी एकाच पानावर येऊन पडतात. डिस्कॉग्जवर अशा नावांपुढे कंसात दोन, तीन असे आकडे असतात. आधी शहर आणि साल जुळवावे, मगच पुढे जावे.

बँडकॅम्पच्या पानावर अल्बम विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रे दिसतात. त्यावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. तुमच्या आवडीचे, पण फारसे कुणाला ठाऊक नसलेले किमान दोन अल्बम ज्याच्याकडे आहेत, असा माणूस निवडावा. हजारांनी अल्बम घेणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये; ते सगळेच घेतात. पन्नास ते तीनशेचा संग्रह म्हणजे निवड करणारा कान. पानाच्या तळाशी शहराचा टॅग असतो, तोही उपयोगी. नुसता ‘पंक’ टॅग मात्र उघडू नये, त्या ढिगात हाती काही लागत नाही.

दुसरा भरवशाचा मार्ग म्हणजे माणसांनी चालवलेला रेडिओ. बीबीसीवर जॉन पील यांनी १९६७पासून २००४मध्ये निधन होईपर्यंत हेच काम केले. आज सिएटलचे केईएक्सपी आणि न्यू जर्सीचे डब्ल्यूएफएमयू इंटरनेटवर फुकट ऐकता येतात, आणि प्रत्येक गाण्याचे, बँडचे नाव त्यांच्या यादीत तिथल्या तिथे उमटते. सिएटलची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे जागरण नको. डब्ल्यूएफएमयूचे जुने कार्यक्रमही यादीसकट जपलेले आहेत. निवेदकांपैकी एक पकडावा आणि महिनाभर त्यालाच ऐकावे. दहा जणांना थोडे थोडे ऐकून कुणाचीच आवड कळत नाही.

ऐकण्याबद्दल थोडेसे. आठवड्याला पाचपेक्षा जास्त नवे अल्बम घेऊ नयेत, आणि प्रत्येक दोनदा ऐकावा. पहिले गाणे बहुधा लोकांसाठी ठेवलेले असते. बँडची खरी ओळख तिसऱ्या-चौथ्यात होते. फोनच्या स्पीकरवर बेस गिटार ऐकूच येत नाही, आणि घरगुती ध्वनिमुद्रणात तर गाणे तिच्यावरच उभे असते, तेव्हा इअरफोन हवाच. डेमोचा, म्हणजे कच्च्या ध्वनिमुद्रणाचा, आवाज मुळातच बारीक असतो. तो वाढवून ऐकावा, लगेच नापास करू नये.

पैशांचे गणितही ठाऊक असावे. डिजिटल अल्बमवर बँडकॅम्प पंधरा टक्के कापते, बँडची विक्री वाढल्यावर दहा. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ म्हणून ठरवलेल्या शुक्रवारी ही कपात नसते. मार्च २०२०मध्ये सुरू झालेला हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो. आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा ते शनिवारी साडेबारा, तिकडच्या हिवाळ्यात एक तास उशिरा. कार्ड नाकारले गेले तर बहुधा त्यावर परदेशी व्यवहार बंद असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांमुळे ते बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करावे लागतात. मर्यादा दोन हजारांची ठेवावी. भारतीय बँडचे संगीत घेताना वेगळीच अडचण येऊ शकते. पेपलने १ एप्रिल २०२१पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सेवा बंद केली, आणि बँडकॅम्पवरच्या बँडचे पैसे पेपलमधूनच जातात. व्यवहार अडला तर बँडला थेट लिहावे, यूपीआयने पैसे द्यावेत आणि डाउनलोड कोड मागून घ्यावा. बँडला असे कोड काढता येतात. ‘हवी ती किंमत द्या’ असे लिहिलेल्या अल्बमपुढे शून्य टाकण्याआधी मात्र विचार करावा, कारण असे फुकट डाउनलोड बँडच्या मोजक्या मासिक कोट्यातून जातात.

आता आपल्या वृत्तपत्राकडे. १९९३मध्ये अलाहाबादेतून निघालेल्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ या मासिकाने देशभरातल्या बँडची माहिती छापली, आणि मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवात नवख्या बँडनाही मंच मिळे. रंगभवनातले कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकून थांबले. आता गाणी खारच्या आणि लोअर परळच्या छोट्या जागांत, पुण्यातल्या क्लबांत होतात. मुख्य बँडच्या आधी एक-दोन नवे बँड अर्धा-अर्धा तास वाजवतात, आणि पुढच्या वर्षी ऐकायचे ते बहुतेकदा तेच असतात. ‘शहरात आज’ या धर्तीच्या सदरात मात्र मुख्य बँडचे एकच नाव आणि रात्री नऊची वेळ छापून येते. प्रेक्षक नऊला पोहोचतात, आणि आठला वाजवणारा बँड रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवून जातो. सदरात सगळ्या बँडची नावे, पहिल्या बँडची वेळ आणि ज्यांचे लेबल आहे त्यांचे लेबल एवढे द्यावे. दोन ओळी वाढतील.

आपला,
एक वाचक, ठाणे