लाकडी माणसाशेजारून, मनूला

सांगली, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

हाँगकाँगला खोली मिळाली, ऑफिस जवळ आहे, क्लास सोमवारपासून, सगळं कळलं. आई तुझा मेसेज येईल तसा मला वाचून दाखवते. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. फोटो काढून पाठवीन.

विमानतळावरचं आधी. तू नमस्काराला वाकलीस आणि मी विचारलं, "परतीचं तिकीट का नाही काढलंस?" ती वेळ नव्हती. तू काही न बोलता बॅग ओढत आत गेलीस आणि मी काचेपाशी उभा राहिलो. माझं चुकलं. तिकिटाचा विषय आता काढणार नाही.

मागच्या पडवीत बसलोय, तुझ्या सरावाच्या लाकडी माणसाशेजारी. आठवतं, तू वर्तमानपत्रावर मापं काढून सुताराकडे नेलीस आणि तीन हात, एक पाय बघून तो म्हणाला, "पोरीला हे भूत कशाला?" पहाटे साडेपाचला तुझी टक-टक सुरू व्हायची आणि मी आतून ओरडायचो. आताही साडेपाचलाच जाग येते. काल जवळून पाहिलं. वरच्या डाव्या हाताची कड घासून घासून देवघराच्या उंबऱ्यासारखी गुळगुळीत झालीय. मनगट दुखतं हे तू कधी सांगितलं नाहीस. आंबेहळद लावताना आईला कळायचं.

तुझ्या विंग चुन या चिनी युद्धकलेचे गुरू इप मॅन, त्यांच्यावरची तुझी वही टेबलावरच राहिली. वाचली. रागावू नकोस.

एवढं कधी वाचलंस ग? 1893 चा चीनमधल्या फोशानचा जन्म, श्रीमंत घर, त्यांच्याच घराण्याच्या दालनात शिकवणारे म्हातारे गुरू चान वा-शुन आणि हे त्यांचे शेवटचे शिष्य. मग 1938 ला जपानी आले आणि होतं नव्हतं ते गेलं. 1949 ला राजवट बदलली तेव्हा हाँगकाँग गाठलं, आणि 1950 मध्ये काउलूनला हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत विंग चुन शिकवायला उभे राहिले. वय छप्पन्न! मी अठ्ठावन्नाव्या वर्षी बँकेतून निवृत्त झालो आणि आरामखुर्ची घेऊन आलो. या गृहस्थांनी त्या वयात, परक्या गावात, पहिल्यापासून सुरुवात केली. सिउ निम ताओ, म्हणजे त्या विद्येतला पहिला धडा, पाऊल न हलवता एका जागी उभं राहून. पोरं यायची, महिना-दोन महिन्यांत कंटाळून जायची. पुढे ब्रूस ली आला म्हणून जगाला नाव कळलं, पण ती सुरुवातीची वर्षं मला जास्त मोठी वाटली. कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं मी, की माझी मुलगी त्या गावात त्यांचीच विद्या शिकायला गेलीय. दोनदा सांगितलं.

पण त्याच पानावर खाली तू एकच ओळ लिहिलीयस: "पत्नी फोशानला परतली. 1951, सीमा बंद." आणि पुढच्या ओळीपासून शिष्यांची यादी सुरू. मी तिथंच अडकलो. बाई हाँगकाँगला येऊन परत गेली, मागे रस्ता बंद झाला, आणि 1960 साली ती तिकडेच वारली. पुन्हा भेट नाही. चुन आणि चिंग हे मुलगे 1962 ला वडिलांजवळ पोचले, थोरला तोवर अडतीस वर्षांचा. नकाशा काढून बघितलं. फोशान ते हाँगकाँग हे अंतर आपल्या सांगली-पुण्यापेक्षा कमी आहे, मनू.

तुझं तसं नाही, मला कळतं. विमानं रोज आहेत. पण तारीख ठरलेली असली की माणूस येतोच. मोकळी ठेवली की एक वर्ष जातं, मग दुसरं. आप्पांच्या वेळी मी नागपूरला होतो. "मार्चनंतर रजा टाकतो" असं लिहिलं होतं मी त्यांना. म्हणून सांगतो, रजेचं साहेबांशी आत्ताच बोलून ठेव, दिवाळीची तिकिटं महाग होतात, पासपोर्टच्या प्रती दोन ठिकाणी ठेव, मनगट सुजलं तर क्लास बुडव, गुरूंना राग येईल म्हणून...

भाषण सुरू झालं माझं. तिकिटाचं काढणार नाही म्हणालो होतो आणि काढलंच. माफ कर. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस.

काल रात्री इप मॅनची ती जुनी फिल्मही पाहिली. गळ्याचा कर्करोग होता ना त्यांना. 2 डिसेंबर 1972 ला गेले, त्याच्या काही आठवडे आधी मुलांनी चित्रित केलेली. वाळलेला एकोणऐंशी वर्षांचा देह लाकडी माणसापुढे उभा, आणि हात कुठंही आपटत नाही, नुसता लागतो आणि सरकतो. मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू बारावीत होतीस. माझी मनगटं आपल्या मनगटांवर ठेवून घेतलीस, डोळे मिटायला लावलेस आणि म्हणालीस, "बाबा, जोर नका लावू, नुसतं लागून राहा. मी कुठं जाते ते हाताला कळेल." ची साव म्हणतात त्याला, हेही तेव्हाच सांगितलंस. आई पोळी लाटायची थांबून बघत होती. दोन-तीन मिनिटं खरंच कळत होतं मला. मग मी घाबरून तुझं मनगट घट्ट धरलं आणि तू हसलीस.

वहीच्या शेवटच्या पानावर तू त्यांच्या विद्येतलं जुनं वचन उतरवलंयस. येईल त्याला ठेवून घ्यायचं, जाईल त्याला पोचवायचं, हात मोकळा झाला की सरळ पुढं. मधल्या तुकड्यावर बराच वेळ बसलो होतो. पोचवायला आलो होतो ग मी, पण पोचवलं नाही.

फोशानला गेलीस तर तिथल्या पितृमंदिराच्या आवारातलं त्यांचं स्मारक बघ, आणि त्या बाईबद्दल काही लिहिलेलं असेल तर मला कळव. वहीत एकच ओळ आहे.

लाकडाला जवसाचं तेल लावायचं की खोबरेल? पावसाळ्याआधी लावलं पाहिजे, डाव्या हाताला भेग पडायला लागलीय.

तुझा,
बाबा

ता. क. आजी रोज विचारते, मनू कधी येणार. मी तिला दिवाळी सांगितलंय. तुला न विचारता सांगितलं.